एका हातानं बसणारं पॅनल

नाही नाही, बसा ना साहेब, ललित नाही म्हणून काय झालं — मी आहे ना! सख्खा थोरला भाऊ आहे मी त्याचा, आणि दुकानाची पाटी माझ्याच नावाची आहे, निरंजन सीलिंगवाले, वर येताना वाचली असेल. ललितला सकाळीच नेपानगरला पाठवलं मी, साइट बघायला. आता तुम्ही जळगावहून येणार म्हणून मुद्दाम पाठवलं असं नाही हां — काम निघालं, पाठवलं, बस. घ्या, मावा जिलबी घ्या, गरम आहे. बुऱ्हाणपुरात येऊन ही नाही खाल्ली तर काय खाल्लं?

ललितनं बनवलेली क्लिप? ही काय, तुमच्या डोक्यावरच आहे, छताला. ओढा पॅनल खाली, भिऊ नका. नेहमीचं कसं असतं — दोन्ही हातांनी तिरपं करून चौकटीतून वर घालायचं, मग वरच्या वर आडवं करून टेकवायचं, मान मोडून जाते माणसाची, आणि मोठं असलं तर दुसरा गडी डोक्यावर तोलून उभा. ह्याचं काय — एक कड अडकवा, खिडकीच्या झडपेसारखं लोंबू द्या, अन् तळव्यानं नुसतं वर ढकला — टक्! स्प्रिंगची पत्ती बसली. एक माणूस, एक हात. एकच हात का? अहो, बनवणाऱ्याला एकच आहे म्हणून! उजवा लुळा पडलाय ना त्याचा — माहीत आहे? हां, फोनवर बोलला असेल. असीरगडच्या घाटात केळीच्या ट्रकनं उडवला मोटरसायकलवरून. जीव वाचला, हात गेला. तेव्हापासून माझ्या गळ्यात.

आंघोळीचं पाणी मी काढतो, नखं मी कापतो, शर्टाची बटणं मी लावतो — आता येतं म्हणे त्याला, दातात कॉलर धरून लावतो. मी म्हटलं, दातानं? कुत्र्यागत? चारचौघांत शोभतं का रे ते? माझी बायको, कविता, ती म्हणते करू द्या त्यांचं त्यांना. मी म्हटलं, तू गप. लग्न? आलं होतं ना स्थळ, निंबोल्याचं, तृप्ती म्हणून पोरगी — हात बघूनसुद्धा हो म्हणाली, बोला! मतलब पोरीतच काहीतरी खोट असणार की नाही? मी तिच्या बापाला बाजूला घेतलं, म्हटलं, फिट येतात ह्याला. छे हो, कुठल्या फिट! ठणठणीत आहे. पण उद्या बायको आली की वेगळी चूल मांडणार, मग? ललितला सांगितलं, पोरीनंच नकार कळवला. जेवला नाही दोन-तीन दिवस. मग जेवला. भूक काय कुणाला सोडते का साहेब?

तर क्लिपचा नाद सोडा, अन् ललितला तुमच्या कंपनीत घ्यायचाही, हे सांगायला बसवलं तुम्हाला. पडतं पॅनल. मागे इंदूरवाले आले होते, मोठी पार्टी, ललित नवा शर्ट घालून समजावतोय, अन् मधेच बदकन खाली — त्यांच्या साहेबाच्या चहात! कपडे सगळे खराब. ललितचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही, पार लिंबाएवढं झालं होतं. का पडलं? अहो पत्ती नाजूक ना, पक्कडीनं टोक इतकंसं आत वळवलं की धरतच नाही ती, आणि खालून बघणाऱ्याला काही कळत नाही, वाटतं पक्कं बसलंय, पण पंखा फुल्ल केला की थरथरून थरथरून —

असं काय बघताय?

कुणी वळवलं म्हणजे? मी आपलं एक सांगतोय — बरं, वळवलं! मी वळवलं. मग? माझं दुकान, माझी पक्कड. तुम्हाला काय माहीत हो इथं काय चालतं — मिस्तरी आले की ललितदादा कुठंय, गिऱ्हाईक आलं की ललितभाऊंना बोलवा, माझी स्वतःची बायको चहा आधी त्याला देते. अन् मी दोन धडधाकट हात घेऊन गल्ल्यावर माश्या मारतो. त्याला माझ्याशिवाय जमायला लागलं ना, ते मला बघवत नाही. नाही बघवत! झालं समाधान? तुमच्या कंपनीत गेला की तिकडेच राहील, क्वार्टर मिळेल, सणावाराला पेढ्याचा पुडा घेऊन पाहुण्यासारखा येईल. मी कुणाची बटणं लावू मग?

काय? खाली? तुमच्या गाडीत? नेपानगरला गेलाच नाही? — वा रे वा! म्हणजे बोलणी सगळी झाली, पगार ठरला, सहीपुरतं राहिलंय, अन् तुम्ही वर येऊन माझी जिलबी खाताय! कुणाच्या फोनवरून ठरवलं हे — कविताच्या? बघतो तिला. अहो, मग ठरलंय सगळं तर माझ्याकडे कशाला आलात?

काय म्हणाला? परत सांगा.

दादा हो म्हणाला तरच सही करीन. असं म्हणाला? ह्याच शब्दांत? — आणि पत्तीचं? तेही ठाऊक आहे त्याला? तेव्हाच ओळखलं, इंदूरवाले जिना उतरायच्या आत? आणि तृप्तीचं — तेसुद्धा? तिच्या बापानंच सांगितलं? तरी कधी एका शब्दानं बोलला नाही, अन् तरी म्हणतो दादाला विचारून या...

थांबा जरा.

येडा आहे. पहिल्यापासून येडा आहे तो. लहानपणी मी मारायचो तर आईला सांगायचा, पडलो म्हणून.

मग तर फार सोपं झालं की साहेब. मी उगाच इतका वेळ घसा कोरडा केला. जा खाली, सांगा त्याला, दादा नाही म्हणाला. — नाही, कारण काही सांगायचं नाही, तो विचारणारच नाही. नुसतं नाही म्हणाला म्हणून सांगा आणि वर पाठवून द्या, जेवायची वेळ झालीय त्याची.