माळ्यावरचं सामान

लॅपटॉप रिपेअरच्या दुकानात रांगेत उभी असलेली मुलगी पुढच्या काकांचं आणि दुकानवाल्या ताईंचं बोलणं कान टवकारून ऐकत होती.

“ताई, चार वाजता बायकोची लॅपटॉपवर मुलाखत आहे. तो फार रखडायचा, म्हणून गुपचूप जुनं विंडोज टाकलं. आता वायफायच सापडत नाही.”

“वायफाय चालवणारे ड्रायव्हर, त्या फायली, आधी काढून ठेवल्या नव्हत्या?”

“ठेवल्या की! एका फोल्डरमध्ये, नीट नावं घालून.”

“कुठे?”

“त्याच लॅपटॉपवर.”

“आणि मग सगळी डिस्क पुसलीत?”

“चकाचक!”

“धन्य आहे! घर पाडायचं म्हणून सामान माळ्यावर ठेवलंत, काका!”

“चारपर्यंत होईल ना?”

“साडेतीन वाजलेत. माझा लॅपटॉप देते, पण बसायचं इथेच.”

काकांनी फोन लावला.

“अगं, लॅपटॉप आता वाऱ्यासारखा पळतोय! फक्त मुलाखत द्यायला तू दुकानात ये.”