संमतिपत्रातली सातवी ओळ

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे म्हणजे आपले कानाचे डॉक्टर, मुख्याध्यापिकाबाई, शिक्षक आणि पालकमंडळी, आणि पुढच्या तीन रांगांत बसून माझं बोलणं माझ्या ओठांवरून वाचणाऱ्या माझ्या लहान मित्रमैत्रिणींनो,

तुमच्या बाईंच्या निरोपाला तुमच्या बाईंच्या नवऱ्याला उभं केलंय. खरं तर चार शब्द तिने बोलायचे. पण 'बोलणार नाही, फार तर येऊन बसेन' या अटीवर ती आलीय. आणि बसलीय कुठे, तर अगदी शेवटच्या रांगेत, खांबाजवळ. मुख्याध्यापिकाबाईंनी दोनदा पुढे बोलावलं, मग त्यांनीही हात टेकले. मला सूचना एवढीच आहे, की मुलांकडे तोंड करून सावकाश बोला आणि मध्येच हात तोंडासमोर नेऊ नका. प्रयत्न करतो.

बावीस वर्षं तिने या शाळेत मुलांना बोलायला शिकवलं. ज्याने जन्मात आवाज ऐकलेला नाही, त्याला 'प' कसा शिकवायचा, सांगा बरं? ती मुलाला शेजारी घेऊन आरशासमोर बसायची. ओठ मिटून दाखवायचे, फटकन उघडायचे. तोंडासमोर धरलेली कागदाची पट्टी हलली, की झाला 'प'. नाही हलली तर पुन्हा. एकेका मुलामागे तीन-तीन आठवडे. सवयीने घरीही ती माझ्याशी इतक्या स्पष्ट उच्चारांत भांडायची, की शेजाऱ्यांना कान द्यायचे कष्टच पडत नसत.

तिला फिट यायची, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. वर्गातही यायची. मुलं शहाणी. कुणी खुर्च्या बाजूला सारायचं, कुणी घड्याळ बघायचं, कुणी ऑफिसात पळायचं. औषधं वाढत गेली, फिट काही थांबेना. एकदा जिन्यावरून पडली, हनुवटीला नऊ टाके. तेव्हापासून मी ऑपरेशनच्या मागे लागलो. ती म्हणायची, "अहो, मुलांना सवय झालीय, मलाही झालीय." मी म्हणायचो, "सवय काय घेऊन बसलीस? उद्या भर रस्त्यात पडलीस तर?" सकाळ-संध्याकाळ हेच टुमणं. शेवटी कंटाळून हो म्हणाली.

ऑपरेशन झालं. फिट जिथून सुरू व्हायची तो मेंदूतला भाग काढला. आज सव्वा वर्ष झालं, एकही फिट नाही. सर्जन म्हणतात, यशस्वी. मीही म्हणतो, यशस्वी. पण चौथ्या दिवशी सकाळी ती पाणी प्यायला लागली आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. डावा डोळा मिटेना, भुवई उचलेना, ओठ खाली ओढलेला. चेहऱ्याची नस दुखावलीय म्हणाले, सहा आठवड्यांत येईल परत, फार तर सहा महिन्यांत. व्यायाम झाले, मालिश झालं, डोळ्यात थेंब, झोपताना पापणीवर चिकटपट्टी. मग म्हणाले, वर्षभर वाट बघू. वर्ष झाल्यावर म्हणाले, आता जेवढं आलंय तेवढंच. भांडायचं कुणाशी? तिथे कुणाचं काही चुकलेलंच नव्हतं.

चार महिन्यांनी ती शाळेत परत आली. मुलांपैकी कुणी हसलं नाही, त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. नव्या तुकडीतली सहा पोरं तिने आरशासमोर बसवली. मन लावून शिकवत होती, पोरंही मन लावून शिकत होती. गेल्या महिन्यात एक आई आनंदाने धावत आली, "बाई, माझी मुलगी 'पाणी' म्हणाली." मुलीने म्हणून दाखवलं. उजवी बाजू मिटलेली, डावी सैल. हिने सहाही जणांना आरशासमोर उभं केलं आणि म्हणायला लावलं. सहाच्या सहा तोंडं तशीच. कुणी चिडवत नव्हतं. बाईंनी दाखवलं, ते त्यांनी जसंच्या तसं उचललं होतं.

त्याच दिवशी तिने राजीनामा लिहिला. मी म्हटलं, रजा वाढव, ग्रंथालयात बस, संस्था काही नाही म्हणणार नाही. ती म्हणाली, "मुलं माझं तोंड घेऊन घरी जातायत. तुम्हाला कळतंय का?" कळत होतं. करता काहीच येत नव्हतं.

तिने मुलांसाठी चिठ्ठी दिलीय, ती सावकाश वाचतो. 'बाळांनो, या वर्षी माझ्याकडून शिकलात ते नव्या बाईंकडून पुन्हा पहिल्यापासून शिका. त्यांच्या ओठांकडे बघा. चूक तुमची नव्हती.'

आता जे बोलायचं ठरवलं नव्हतं, ते बोलतो. मी छापखान्यात प्रुफं तपासतो. तीस वर्षं लोकांच्या हातून सुटलेल्या ओळी शोधण्याचा पगार घेतोय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संमतिपत्र आलं. स्मरणशक्तीचे, नजरेचे धोके सर्जननी तोंडी समजावले होते, बाकीचे कागदावर होते. औषधांमुळे तिला अक्षरं दोन-दोन दिसायची. म्हणाली, "तुम्हीच वाचा, मी सही करते." सातव्या ओळीत चेहऱ्याच्या नसेचं होतं. क्वचित, बहुधा तात्पुरतं, असं. मी सहावीवरून आठवीवर गेलो. ती ओळ ऐकली असती तर ती उठून चप्पल घालून घरी आली असती, हे मला पक्कं माहीत होतं. मला तिची फिट थांबायला हवी होती. तिने सही केली. सव्वा वर्ष एका घरात राहून हे मी तिला सांगू शकलो नाही. आज माइकवरून सांगतोय, कारण समोर बसून सांगायची माझी छाती होत नाही.

अध्यक्षमहोदयांनी वेळ दिला, मुलांनी एकटक बघत मला वाचलं, सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर पदरात घ्या. तुमच्याकडे माफी मागणं फारसं कठीण नाही. शेवटच्या रांगेत बसलीय तिच्याकडेही मी हेच मागतोय. ती केव्हापासून इकडेच बघतेय. रागावलीय, की रडतेय, की हसतेय, मला इथून कळत नाही. हल्ली जवळ जाऊनही कळत नाही.