कवडशाचं रोप

काय सांगू तुम्हाला, मी मूळचा मांडवगण फराट्याचा, बापाची थोडी बाजरी व्हायची पण माझं मन शेतात रमंना, म्हणून पाबळला जाऊन वेल्डिंग शिकलो, आन् तिथंच एकदा पुण्याच्या मॅडम आल्या, जंगलात लोखंडी मनोरा उभारायचाय म्हणाल्या, दादा येता का. व्हय म्हणालो. नव्वदच्या पुढचं साल आसंल.

जंगल कर्नाटकातल्या घाटात. मनोरा उभा झाला तरी मी मॅडमच्या हाताखाली तिथंच राह्यलो. आमच्या शिरूरला ऊन म्हंजी सगळीकडं सारखंच, डोकं तापवणारं. तिथं तसं न्हाई. मनोऱ्याच्या टोकावर डोळं दिपायचं, मधल्या फळीवर उतरलं की दिस कलल्यागत वाटायचं, आन् खाली जमिनीवर भर दुपारी वही वाचायला बॅटरी लागायची. मॅडम मशिननं उजेड मोजायच्या, वर किती, मधी किती, खाली किती. खाली यायचा तो ठिपक्याठिपक्यानं, पानांच्या फटीतनं, जरा थांबायचा आन् सरकायचा. मॅडम त्याला काय तरी इंग्रजी नाव घ्यायच्या. मी म्हणालो आमच्यात ह्याला कवडसा म्हणत्यात, आमच्या पत्र्याला भोकं हायती, घरात रोज पडतो. लई हसल्या, वहीत लिहून घेतलं, तवापासनं कवडसाच म्हणायच्या.

एक रोप व्हतं, वीतभर. तीन वर्षं वीतभरच. त्याच्या आसपास खुणेची आणखी रोपं, मॅडमची पीएचडीची सगळी पदवी त्यांच्यावर. कवडसा आला की घड्याळ लावायच्या आन् म्हणायच्या, बाळा, कधी वाढणार तू. मला लई वाईट वाटायचं.

मग त्यांची आई आजारी पडली, त्या पुण्याला गेल्या. मी शेतकऱ्याचं पोर. आमच्यात झाडाच्या सावटाला बाजरी येत न्हाई, बांधावरच्या फांद्या छाटायच्या, एवढंच मला ठाऊक. घेतला कोयता आन् रोपांवरच्या फांद्या छाटल्या, चांगलं आभाळ दिसंस्तवर. म्हटलं मॅडम येतील तवा रोप गुडघ्याएवढं बघतील. आठ दिसात पानं पिवळी पडली, मग भाजल्यागत तांबडी, मग गळाली. सगळीच रोपं गेली. जन्म अंधारात काढलेला, त्यांना ते ऊन सोसलं न्हाई.

मॅडम आल्या, खाली बसल्या, वर बघितलं. दादा, फांद्या कुणी तोडल्या. मी म्हणालो माकडं आलती. कोयत्याचा घाव सरळ असतो, त्यांना दिसला का न्हाई कुणास ठाऊक. त्यांनी वहीत माकडं लिहिलं. त्यांच्या पदवीचं सर म्हणाले हा निष्काळजीपणा हाय, पुन्हा पहिल्यापासनं करा. आई अंथरुणाला खिळलेली, तीन वर्षं आणायची कुठनं. मॅडमनी ते शिक्षणच सोडलं.

आता माझं कारेगावात दुकान हाय. मागं मॅडम रांजणगावच्या गणपतीला आलत्या, विचारत विचारत दुकानात आल्या. लेकीला म्हणाल्या, हे मामा तुझे, जंगलात मी मशिनपेक्षा ह्यांच्या शब्दावर भरवसा ठेवायचे. लेक पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हणालो, चहा सांगितला.

तुम्ही लिहा हे. माझं नाव घालून छापा, मॅडमचं घालू नका. त्यांनी वाचलं तर वाचू द्या, त्यांच्या तोंडावर सांगायचं ह्या जन्मी मला जमायचं न्हाई.