हौसाबाईनं पैलवानाला विचारलं

मंडळी, समजा, ज्याचं नाव घराघरांत घेतात असा माणूस तुमच्यासमोर उभा राहिला, आणि म्हणाला, "विचार बाबा, एकच प्रश्न विचार!" काय विचाराल? हसू नका! आमचे पेटीवाले बुवा तर विचारतील, "जेवणाची व्यवस्था कुठं आहे?"

पण ऐका! माणसाचं मोठेपण त्याच्या उत्तरात असतं की त्याच्या प्रश्नात?

कवठी नावाचं गाव. त्या गावात हौसाबाई. नवरा भैरू, एकेकाळचा पैलवान. आणि एका जत्रेत त्याची कुस्ती लागली ती कुणाशी? हैबती पैलवानाशी! ज्याची पाठ कधी मातीला लागली नाही, त्या हैबतीशी! भैरू पडला. चीतपट!

पडला तर पडला हो! कुस्ती म्हटली की एक पडणारच. पण गाव गप्प बसतं होय? पारावर बसून माशा मारणारे म्हणायचे, "काय भैरू, आभाळ कसं दिसलं?" ज्यांनी जन्मात लंगोट कसला नाही ते! भैरूनं तालीम सोडली. मग पार सोडला. मग बोलणं सोडलं. गोठा आणि घर, घर आणि गोठा. हौसाबाई ताट वाढायची, तो खाली बघून जेवायचा. तिनं किती समजावलं! पण बायकोनं केलेलं कौतुक नवऱ्याला कधी खरं वाटलंय?

आणि एक दिवस हैबती पैलवान म्हातारपणी कवठीत आला. सत्कार! हलगी, हार, फेटा! तो म्हणाला, "भाषण मला जमत नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा."

झालं! एकानं विचारलं, "बदाम किती खाता?" दुसऱ्यानं विचारलं, "दूध म्हशीचं की गाईचं?" तेवढ्यात बायकांतून हौसाबाई उठली. पदर मुठीत धरलाय. म्हणाली,

"दादा, भैरू शेळक्यासंगं लढताना तुमास्नी भ्या वाटलं हुतं का?"

सरपंच ओरडले, "ए हौसा, खाली बस! कुणाला काय इचारतीस?"

पैलवानानं हात वर केला. खाली बघितलं. मंडळी, हजार माणसांत 'भ्यालो' म्हणायचं! खोटं बोलला असता तर कुणाला कळणार होतं?

"वाटलं होतं, ताई," तो म्हणाला. "त्यानं वाकून पट काढला, माझे पाय मातीवरून सुटले. वाटलं, संपलो. शेवटचा डाव टाकला तो नशिबानं लागला. एवढं भय मला दुसऱ्या कुणाचं वाटलं नाही. भैरू तुमचा कोण?"

"मालक हाईत माझं." ती पुढं आली. "एवढं त्यास्नी सांगाल? माझं त्यास्नी पटत न्हाई."

पैलवानानं हार काढून ठेवला. जेवणाची पंगत मांडलेली, ती तशीच! निघाला. पुढं हौसाबाई, मागं पैलवान, आणि त्यांच्या मागं मान खाली घातलेलं सगळं गाव!

भैरू कडबा तोडत होता. पाहिलं, आणि विळा हातातच राहिला.

"भैरू, त्या दिवशी लोकांनी मला खांद्यावर घेतलं आणि तुला भेटायचं राहून गेलं. तुला भ्यालो होतो मी. हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

भैरूचे डोळे वाहायला लागले. मग त्यानं हात पुसला, पुढं केला. दोघांनी सलामी दिली! अहो, गोठ्यात!

दुसऱ्या दिवशी भैरू पारावरून गेला. ताठ मानेनं. तालमीचं दार उघडलं, आणि दिवसभर एकटा माती उकरत राहिला. पुढं त्याच मातीत गावची पोरं घडली.

सांगा, मोठा कोण? पैलवान तर मोठाच! पण ज्या बाईनं स्वतःसाठी काही मागितलं नाही, ती?

आपण देवापुढं उभे राहतो. काय म्हणतो? "माझं कसं होईल?" घरात एखादा हरून, भिंतीकडं तोंड करून बसलेला असतो. त्याच्यासाठी कधी तोंड उघडलंत?

आणि जे जिंकलेत त्यांनी जास्त ऐका! ज्याला हरवलंत, त्याच्या दारी एकदा जाऊन या. लांब जावं लागणार नाही. बांधापलीकडं राहतो तो. बहुतेक तुमचा सख्खा भाऊच असेल!