वीस सुया

आई: नाही डॉक्टर, दोघींचे डोळे तुम्ही तपासलेतच नाहीत. एकीचेच तपासलेत. दोनदा.

डॉक्टर: ताई, आधी बसा. सोमवारी शाळेला डोळ्यांचा दाखला हवा म्हणून दोन मुली आल्या, मी दोन कार्डं केली. ही बघा. एक लाल बटणांची, एक निळ्या बटणांची. बटणांवरून ओळखा, असं तुम्हीच सांगितलं होतं.

आई: तिथेच तर माशी शिंकली. दोघींचा तोंडावळा तोच, उंची तीच, आवाजही तोच. म्हणून फ्रॉक शिवतानाच मी भिंगरीला लाल बटणं लावते आणि टकळीला निळी. मला काय वाटायचं, माझी युक्ती म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

डॉक्टर: मग?

आई: मग काय, लाल बटणं तुमच्याकडे आत जाऊन बाहेर आली. लगेच दोघींना एकदम शू लागली. मी बाहेर बाकावर, कानाला फोन, आणि बटणवाला मला सांगतोय की पांढरी बटणं आठवडाभर मिळणार नाहीत. दोघी बाथरूममधून परत आल्या आणि निळी बटणं आत गेली. फक्त बटणं हो. आतली मुलगी तीच.

डॉक्टर: फ्रॉक बदलले?

भिंगरी: दोन मिनिटांत! माझी मागची बटणं टकळीने लावली, तिची मी.

आई: तुला कोणी विचारलंय? आणि ते स्टूल गरगर फिरवायचं बंद कर. टकळे, तू पडद्यामागून बाहेर ये.

टकळी: मी लपले नाहीये आई, मी फक्त बघत होते की पडद्याला किती कड्या आहेत, आणि त्यातली एक तुटलीय, आणि ती मी नाही तोडली, आधीपासूनच तुटलेली होती, खरंच.

डॉक्टर: आधीपासूनचीच आहे ती. ताई, मला एक सांगा. मी इतकी वर्षं हेच काम करतोय आणि मला पत्ता लागला नाही. तुम्हाला कसं कळलं?

आई: सुयांवरून.

डॉक्टर: सुयांवरून?

आई: अहो, मी शाळेचे गणवेश शिवते. सुट्टी लागली की लोक फिरायला जातात, आणि माझं तोंड मशीनमधून वर येत नाही. शाळा उघडायला आठ दिवस राहिलेत आणि अजून दीडशे गणवेश बाकी आहेत. त्यात या दोघी दिवसभर घरी. कपाटावरून गादीवर उड्या काय, कापडाच्या ठाणामागे लपाछपी काय. परवा बाहुलीला पट्टा हवा म्हणून चौथीच्या चार स्कर्टांचे पट्टे कापून ठेवले! मग म्हटलं, यांना कामालाच लावते.

डॉक्टर: सात वर्षांच्या मुलींना?

आई: सुया ओवायला. बटणं, हूक, खालची दुमड, सगळी हातशिलाई असते. मला रोज वीस सुया दोरा ओवून तयार लागतात. दहा हिने ओवायच्या, दहा तिने. उशीत टोचून ठेवल्या की दिवसभर खेळायला मोकळ्या. आणि रोज आठच्या आत वीसच्या वीस तयार! मी शेजारणीला ऐकवायची, जुळ्या मुली कशा सांभाळायच्या ते माझ्याकडून शिका म्हणून. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते म्हणायची.

डॉक्टर: हं. पुढे?

आई: काल भिंगरी सकाळीच आत्याकडे गेली. टकळी एकटीच उशी घेऊन बसली. अर्ध्या तासाने मी बघितलं, तर एकही सुई ओवलेली नाही. एक हात लांबच्या लांब, मान मागे, डोळे बारीक. माझ्या सासूबाई चष्मा सापडला नाही की पेपर वाचतात ना, अगदी तश्शी.

डॉक्टर: सुई लांब धरली होती? नाकाजवळ नाही?

आई: लांब. हात आणखी लांब असता तर आणखी लांब धरली असती.

डॉक्टर: हे फार कामाचं सांगितलंत. भिंगरीबाई, इकडे या. रोजच्या वीस सुया कोण ओवायचं?

भिंगरी: मी.

डॉक्टर: सगळ्या?

भिंगरी: तिच्या आधी. मग माझ्या. मला पटापट येतं.

आई: आणि ही काय करायची तोवर?

भिंगरी: बोलायची.

टकळी: मी गोष्ट सांगायचे! ती ओवायची आणि मी गोष्ट सांगायचे, म्हणजे ते सारखंच झालं ना, आणि आई, तू म्हणालीस दोघींनी मिळून काम करा, म्हणून आम्ही मिळूनच केलं.

आई: ऐका! वकील व्हायचंय हिला.

डॉक्टर: टकळे, मग त्या दिवशी तू का नाही आलीस आत? मी काही सुई टोचत नाही कोणाला. नुसतं वाचायला सांगतो.

टकळी: वाचायला सांगता म्हणूनच.

डॉक्टर: म्हणजे?

टकळी: भिंगरी, तू सांग.

भिंगरी: तूच सांग. तुझे डोळे आहेत.

टकळी: आमच्या वर्गात ना, ज्याला चष्मा लागतो त्याला बाई पहिल्या रांगेत बसवतात. आणि पहिल्या रांगेत एकेकट्याची बाकं आहेत. आम्ही तिसऱ्या रांगेत आहोत, ते दोघांचं बाक आहे, आणि भिंगरीला चष्मा नसेल तर ती तिकडे आणि मी इकडे, आणि मग तिच्या शेजारी बाई कोणाला तरी दुसऱ्याला बसवणार. कायमचं.

आई: अगं, मग मला सांगायचं की नाही?

भिंगरी: तू म्हणाली असतीस, नाटकं करू नका.

डॉक्टर: खरं का ताई?

आई: खरं आहे तिचं. म्हणालेच असते. म्हणतच होते की वर्षभर! पुस्तक उघडलं की टकळीचं डोकं दुखायचं. मी म्हणायची, अभ्यास काढला की बरं दुखतं, खेळताना नाही दुखत ते. एकदा तर पुस्तक हातात देऊन कोपऱ्यात उभी केली होती तिला. डॉक्टर, मी नुसत्या नजरेने सांगते कोणत्या पोराचा डावा खांदा अर्धा बोट खाली आहे. आणि माझ्याच पोरीला पुस्तकातलं दिसत नाही, हे मला कळू नये? फार वाईट वाटतंय मला.

डॉक्टर: वाटू दे थोडं. पण फार वेळ नको, काम पडलंय. टकळे, खुर्चीत बस. ताई, ही टकळीच ना?

आई: तीच. आज बटणं बघितली नाहीत मी. दारातून आत येईपर्यंत बोलत होती, म्हणजे तीच.

डॉक्टर: समोरचा तक्ता वाच. वरून खाली.

टकळी: सगळा? सोप्पा आहे तो, खालची बारीक ओळ पण येते मला, वाचू?

डॉक्टर: वाच... शाब्बास. शेवटपर्यंत बरोबर.

आई: म्हणजे? हिला दिसतंय की सगळं!

डॉक्टर: थांबा. आता हे छोटं कार्ड धर. पुस्तक धरतेस तितक्याच अंतरावर. हात लांब करायचा नाही.

टकळी: मग नाही येत.

डॉक्टर: काय होतं?

टकळी: अक्षरं एकमेकांत शिरतात. मी खूप जोर लावला तर बाहेर येतात, पण मग इथे दुखतं. कपाळात.

डॉक्टर: ऐकलंत ताई? डोकं खरंच दुखायचं. लांबचं हिला दिसतं, जवळच्यासाठी डोळ्यांना मरमर करावी लागते. आता ही चौकट नाकावर घे. जड आहे, हलवू नकोस. या खाचेत एक भिंग... आणि इकडे एक. आता?

टकळी: थांबली!

आई: काय थांबलं?

टकळी: अक्षरं! आई, आपापल्या जागेवर थांबली!

डॉक्टर: चष्मा लागणार. नेमका नंबर थेंब घालून काढायला हवा, त्यासाठी उद्या सकाळी या. डोळ्यांत तुम्ही तेल घातलंत तेवढं पुरे, आता थेंब मी घालतो.

आई: घ्या, तुम्हीही बोलून घ्या. उद्या पहिल्या नंबरला येते. गणवेश थांबतील दोन तास.

भिंगरी: आणि बाक?

डॉक्टर: कोणतं बाक?

भिंगरी: पहिलं बाक! तिला तिकडे बसवणार ना आता?

डॉक्टर: कशाला? फळा हिला आत्ताही दिसतो, चष्म्यातूनही दिसेल. अगदी शेवटच्या बाकावर बसली तरी चालेल. तसं चिठ्ठीवर लिहून देतो तुमच्या बाईंना.

टकळी: शेजारी बसू शकतात, असं पण लिहा.

डॉक्टर: ते औषधात बसत नाही गं.

आई: ते मी बघते. शाळेचे सगळे गणवेश माझ्या हातून जातात, मुख्याध्यापकबाई स्वतः माझ्याकडे येतात. चिठ्ठी त्यांच्या हातात देईन आणि समोर उभी राहून वाचायला लावीन. तिसरी रांग, दोघांचं बाक, दोघी शेजारी. माझा शब्द.

भिंगरी: नक्की?

आई: मी शब्द दिला की दिला. आणि पुढच्या वेळी काही खुपलं, दुखलं, दिसेनासं झालं, तर आधी माझ्याकडे यायचं. मी नाटकं म्हणाले, तरी परत यायचं. तिसऱ्यांदाही यायचं. कळलं?

दोघी: कळलं.

आई: डॉक्टर, ती चौकट एक मिनिट तशीच असू द्या.

(आई पर्सच्या पट्ट्याला टोचलेली सुई आणि दोऱ्याचा तुकडा काढून टकळीच्या हातात देते.)

टकळी: अय्या, नेढं केवढं मोठं आहे! यातून तर बोट जाईल! मला वाटायचं भिंगरीला जादू येते, आणि ती पण काय भाव खायची, आणि हे तर... थांबा, बोलू नका कोणी... गेला! आई, गेला दोरा!

आई: एका फटक्यात. बघू? गाठही मार.

डॉक्टर: बोलायचं थांबली, हे पहिल्यांदा बघितलं मी.

आई: मीसुद्धा. भिंगरे, तू कुठे चाललीस? पडद्यामागे काय आहे?

भिंगरी: कड्या मोजतेय.

आई: इकडे बघ. तोंड का एवढंसं झालं?

भिंगरी: काही नाही.

आई: आत्ताच काय ठरलं आपलं? आधी कोणाकडे यायचं?

भिंगरी: ...आता तिच्या सुया तीच ओवणार ना? मग तिला माझं काय काम?

आई: अगं वेडे...

टकळी: आणि माझी मागची बटणं? ती मला चष्म्यातून दिसणार आहेत का?