आंघोळ कुणाला घालता?

मंडळी, ऐका! आज एकच विचारतो – तुमचा देव कोणता? नाही, नाही, देव्हाऱ्यातला सांगू नका! तो सगळ्यांचा सारखाच. सकाळी उठून आधी कुणाचं तोंड बघता? कुणाला स्वतःच्या हातानं आंघोळ घालता? तो तुमचा खरा देव! पटतंय? मग म्हणा – विठ्ठल, विठ्ठल!

माझ्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या सालची गोष्ट. नवरदेव मिरवला तो माधवराव तांबवेकरांच्या मोटारीतून. कराडचे माधवराव, कारखान्यातून निवृत्त झालेले. मोटार जुनी, विलायती, काळीभोर – आरशासारखी! नवरदेव चढायला लागला, तर हे आडवे. ‘‘जावईबापू, जोडा काढा!’’ अहो, लग्नाचा नवरा मोजे घालून मिरवला! हसताय? हसा. पुढं हसायला जागा नाही.

तर रोज उठून माधवराव मोटारीला आंघोळ घालत. मऊ फडकं, ते वाळवायला वेगळी दोरी. पितळ चिंचेनं घासायचं. आणि रविवार उजाडला की फेरी! जुन्या गाड्यांची हौस असलेले चार-सहा जण जमायचे. नदीकाठी जायचं, बायकांनी सतरंजी टाकून पुऱ्यांचे डबे सोडायचे आणि पुरुषांनी बॉनेटात डोकी घालायची! जेवण निवलं तरी डोकी बाहेर येईनात.

माधवरावांची मंडळी म्हणजे कमळाबाई. माउली! मोटारीत बसताना खाली घडी केलेली चादर घ्यायची. का? तर लुगड्याची जर कातड्याच्या सीटला लागू नये म्हणून. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. नवऱ्याच्या जिवाला लागेल ते तिच्या जिवाला आधी लागायचं.

त्या साली माधवरावांनी इंजिन नवं करून घेतलं. आतलं सगळं घासून, नवे पिस्टन घालून. मिस्त्री म्हणाला, ‘‘साहेब, आता गाडी दामटू नका. काटा तीस मैलांच्या वर नको. नवं अंग आहे, गरम झालं की धरेल.’’ पिस्टन आतल्या आत चिकटला की इंजिन गेलं म्हणून समजा! माधवरावांनी ते गुरुमंत्रासारखं धरलं.

मार्गशीर्षातला रविवार. नवं इंजिन फिरवायला दोघंच निघाली, हेळवाकच्या बाजूला. झाडाखाली जेवली. परत निघाली, आणि पाटणच्या पुढं कमळाबाई गप्प झाल्या.

‘‘अगं, काय होतंय?’’

‘‘काही नाही. छातीत भरल्यासारखं झालंय.’’

कपाळाला घाम! मार्गशीर्षात घाम? माधवराव घाबरले, पाय दाबला, काटा तिसाच्या वर सरकला. आणि ती माउली काय म्हणाली? ‘‘नका हो ताणू. परवाच तर केलंय इंजिन. जाऊ सावकाश.’’

मंडळी, पाय वर आला! काटा तिसावर आला!

मागून एक जीप आली. आतल्या माणसानं काकूंचा चेहरा बघितला आणि गाडी आडवी घातली.

‘‘काका, काकूंना इकडं द्या! कराडला नेतो झटक्यात. तुम्हीपण चला.’’

‘‘आणि ही?’’

‘‘ही कोण?’’

‘‘गाडी हो! रस्त्यात टाकून कशी येऊ? पोरं काचा फोडतील.’’

‘‘काका, गाडीचं काय घेऊन बसलाय! काकूंकडं बघा!’’

माधवरावांनी बघितलं. कुणाकडं? आधी मोटारीकडं! मग बायकोकडं. ती म्हणाली, ‘‘जाऊ द्या हो त्यांना. आपली गाडी आहे की.’’

जीप गेली. धूळ बसली. फटफटीवरचा दूधवाला सुद्धा उतारावर पुढं निघून गेला, आणि काटा तिसावर. पुलाजवळ कमळाबाईंनी डोकं मागं टेकलं. माधवरावांना वाटलं, बरं झालं, डोळा लागला. दवाखान्यापर्यंत त्याच काट्यानं गेले. डॉक्टर गाडीपाशीच आले, नाडी बघितली, म्हणाले, ‘‘आजोबा, या वाटेतच गेल्या.’’

माधवराव काय बोलले ठाऊक आहे? ‘‘तीच म्हणाली सावकाश.’’ एवढंच! दिवसकार्याला मी गेलो, तर मलाही तेच. ‘‘बुवा, तीच म्हणाली हो!’’

खोटं नाही. तीच म्हणाली! पण मंडळी, जीव लावणारं माणूस आणखी काय म्हणणार? तुमची हौस मोडू नये म्हणून ते छातीतली कळ गिळतं. त्याचे शब्द काय ऐकता? तोंड बघा त्याचं!

आता मागं बसलेल्या मंडळींना विचारतो. फटफटीवर रुमाल टाकून आलात ना, दव पडतं म्हणून? छान! आणि घरी कुणी म्हणालं का – ‘तुम्ही जा, मला कणकण आहे, पण चालेल’? म्हणालं असेल, तर उठा! इथून आत्ता उठा! पांडुरंग रागावत नाही. आरती होईल तुमच्यावाचून.

ते इंजिन काही धरलं नाही. शेवटपर्यंत सुरेख चाललं.

कमळाबाई माधवराव तांबवेकर वारल्या त्या मार्गशीर्षातल्या रविवारी, दुपारी, कराडच्या अलीकडं. माधवराव वारले पुढच्या चैत्रात, घरात एकटे असताना.