काही ग्रामस्थ

(पावणे गाव, दुपार. बाळाराम म्हात्रेचं घर. त्याची थोरली बहीण सरस्वती जुईनगरहून आली आहे. शेजारच्या खोलीत त्यांचे वडील, पंढरी, पलंगावर पडून आहेत. दार उघडं आहे.)

बाळाराम : मी काय सगळं पुस्तक फाडून टाक बोलतो का? एक धडा काड, ताय. बस. बाकीचं एकदम झकास हाय.

सरस्वती : तू वाचलंस कुठे? मी तर तुला दिलं नव्हतं.

बाळाराम : प्रेसवाल्यानी दिलं. तू लिवलेला गावाचा इतिहास छापतोय, गावदेवीच्या उत्सवाला प्रकाशन हाय, कमिटीचा अध्यक्ष मी. मी नाय वाचनार तं कोन वाचनार?

सरस्वती : मी ज्या देशाचा इतिहास शिकवला ना, तिथे दरबारात एक माणूस नुसता लिहायला बसलेला असायचा. राजा काय बोलला, काय वागला, सगळं लिहायचा. आणि ते राजानं वाचायचं नाही, असा रिवाज होता.

बाळाराम : झालं! आला तुजा चीन. पन थांब, मी बी काय अगदीच ढ नाय. जुईनगरला तुजा सत्कार झाला तवा पयल्या लायनीत बसून भाषान ऐकलंय मी. तू बोल्लीस, एक राजवट संपली की मंग पुडची राजवट तिचा इतिहास लिवते. बोल्लीस की नाय?

सरस्वती : बोलले.

बाळाराम : मंग आपली राजवट तिकडं पलंगावर पडलीय. अजून संपली नाय. बाबांना सुकानं जाऊ दे. मागनं लिव तुला काय लिवायचं तं.

सरस्वती : माझ्या एकाही विद्यार्थ्यानं मला असं कोंडीत पकडलं नव्हतं रे.

बाळाराम : हसू नको. हे ऐक, तूच लिवलंयस. 'कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा पोलीस पाटील पंढरी म्हात्रे यांनी मध्यस्थी केली. गैरसमजुतीतून काही ग्रामस्थांनी अंगठे दिले व ते भूमिहीन झाले.' अख्खा गाव वाचनार हे.

सरस्वती : अख्ख्या गावाला माहीतच आहे.

बाळाराम : माहीत असनं येगलं, छापून येनं येगलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नमिताचं लगीन नावड्याला जमतंय, ताय. त्या लोकांच्या हातात हे पडलं तर? 'आजा असा, तं घरानं कसं?' बोलतील. माजी एकच पोरगी हाय.

सरस्वती : नमिताचं मला कळतं. पण मी आयुष्यभर काय केलं तेही तू जरा कळून घे. चीनच्या समुद्रकाठी आपल्यासारखीच मिठागरं होती. अंमलदारांनी मीठ किती निघालं ते गोणीगणिक लिहून ठेवलंय. मीठ काढणाऱ्या माणसाचं नाव मात्र कुठेही नाही. 'काही घरं', एवढंच. त्या नावांसाठी मी तिथल्या कबरींचे दगड वाचत फिरले. एखादं नाव सापडलं की त्या दिवशी सुकी भाकरही गोड लागायची.

बाळाराम : आनि तुला काय मिळालं त्याच्यातून? लगीन नाय केलंस. तू दिल्लीला गेलीस तवा लढाईची आठवन ताजी व्हती. लोक बोलायचे, पाटलाची पोर चिन्यांची भाषा शिकते, उद्या त्यांनाच घेऊन येईल. आय पान्याला जायची तं बाया उठून जायच्या. हे तुला कोनी सांगितलं नसेल.

सरस्वती : नाही सांगितलं. पण माझंही तुम्हाला कोणी सांगितलं नाही. मी काही हौसेनं चिनी घेतली नव्हती, बाळाराम. बाकीच्या वर्गांत मी तोंड उघडलं की पोरं हसायची, आपली बोली ऐकून. चिनीच्या वर्गात खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि जे होते ते सगळेच त्या नव्या भाषेपुढे मुके. तिथे मला पहिल्यांदा बरोबरीचं वाटलं. मग त्या भाषेनं मला असं धरलं की सोडलंच नाही. प्रत्यक्ष तो देश बघायला मिळाला तोवर केस पिकायला लागले होते.

बाळाराम : म्हनून तर बोलतो, तुजा मान लई मोटा हाय. त्याला कशाला डाग लावतेस?

सरस्वती : परक्यांचा इतिहास लिहिणं सोपं असतं. तिथे आपला बाप आजारी नसतो, भाची लग्नाची नसते. सगळे म्हणायचे, म्हात्रेबाई फार धीट लिहितात. लांबूनच धीट होते मी. ही दोन वाक्यं मी किती वेळा खोडून परत लिहिली, खरं सांगते.

पंढरी : बाय! ए बाय! हितं या. दोगं बी या.

बाळाराम : घे. उठले. आता त्यांच्यासमोर काय काडू नको, तुला गावदेवीची शपथ हाय.

पंढरी : काय वाचत व्हता रं तू?

बाळाराम : काय नाय बाबा, उत्सवाचं. कार्यक्रम कसा कसा हाय त्ये.

पंढरी : माजे डोले गेलेत, कान नाय गेले. सरू, तू वाच. माजं नाव जितं हाय तितनं वाच.

सरस्वती : बाबा, नंतर वाचू. तुम्ही दूध घेतलं नाहीत अजून.

पंढरी : वाच.

सरस्वती : 'पोलीस पाटील पंढरी म्हात्रे यांनी मध्यस्थी केली. गैरसमजुतीतून काही ग्रामस्थांनी अंगठे दिले व ते भूमिहीन झाले.'

पंढरी : काही म्हनजे कोन?

सरस्वती : तेव्हाचे शेतकरी, बाबा. गावातले.

पंढरी : नावं नवती त्यांना?

सरस्वती : होती.

पंढरी : मंग?

सरस्वती : मग... मी लिहिली नाहीत.

बाळाराम : बाबा, तिनी तुमच्याच भल्यासाटी...

पंढरी : तू गप ऱ्हा. सरू, गैरसमज कोनाचा नवता. दर साली खाडीचे बांध फुटायचे, खारं पानी शेतात शिरायचं. मी घरोघर जाऊन सांगितलं, बांधाला सरकारी मदत येनार हाय, अंगठा द्या. जमिनी घेनाऱ्या साहेबानी मना तसंच सांगायला लावलं व्हतं, आनि कागुद जमीन सोडायचा हाय त्ये मना ठावं व्हतं. लोकांनी कागदावर नाय, माज्यावर भरोसा ठेवला. खोटं बोललो म्हनून लिव.

बाळाराम : बाबा, नमिताचं लगीन मोडेल!

पंढरी : नमिताला मी सांगतो. नावड्याच्यांना बी हितं घेऊन ये, त्यांना बी सांगतो. जिचा अंगठा घेतला त्या हिराबायची नात रोज मना खिडकीतनं इचारते, 'बाबा, जेवलाव का?' तिला सगलं ठावं हाय. तरी इचारते. मी 'जेवलो' बोलतो नि तोंड भिंतीकडं फिरवतो.

सरस्वती : बाबा, पुरे. तुम्हाला धाप लागतेय.

पंढरी : लागू दे. फुडं काय लिवलंस?

सरस्वती : पुढे शाळेचा धडा आहे. गावात शाळा कशी आली ते.

पंढरी : त्ये नाय. तू दिल्लीला कशी गेलीस त्ये?

सरस्वती : त्याचा इथे काय संबंध? मी मार्कांवर गेले. शिष्यवृत्ती मिळाली, वसतिगृहात जागा मिळाली.

पंढरी : मार्क तुजे चांगलेच व्हते. पन खाडीवरच्या आगऱ्याच्या पोरीचे मार्क दिल्लीत कोन बगतो? काम झालं तवा साहेब बोलला, पाटील, तुमाला काय पायजे? तुजी आय बोलली, रस्त्याकडची जमीन मागा. मी बोललो, माज्या पोरीला फुडं शिकायचंय. साहेबाचा भाऊ दिल्लीला मोट्या जाग्यावर व्हता. त्यानी केलं सगलं.

सरस्वती : ...तुम्ही मला कधी सांगितलं नाही.

पंढरी : तू कंदी इचारलंस?

बाळाराम : ताय. ए ताय, खाली बस. पानी घे.

सरस्वती : नको पाणी. बाळाराम, मी पोरांना काय शिकवायचे माहीत आहे? कागद हातात आला की आधी विचारा, हा कोणामुळे टिकला आणि कोणाचं काय गेलं. सगळ्या जगाचं विचारत बसले. मला वाटत होतं, माझं तेवढं मी एकटीनं मिळवलंय. दुसरं काही नव्हतंच रे माझ्याकडे. नवरा नाही, पोर नाही. तेवढा एक गर्व होता.

बाळाराम : तो तसाच ठेव. हे आपल्या तिघांत ऱ्हाऊ दे. कोनाला काय कळनार हाय? तुजी पुस्तकं, तुजे सत्कार, त्याला कशाला धक्का?

सरस्वती : बाबा, तुम्हाला काय वाटतं?

पंढरी : मी सांगनार नाय. माजं मी बोललो. तुजं तू ठरव. मास्तरीन तू.

सरस्वती : पेन दे, बाळाराम.

बाळाराम : ताय, परत एकदा इचार कर.

सरस्वती : पेन दे. बाबा, हिराबाईंचं पूर्ण नाव?

पंढरी : हिराबाय जोमा मढवी. नवरा त्याच साली गेला व्हता तिचा.

सरस्वती : मग?

पंढरी : बामा नागा भोईर. अहमद मुकादम, त्याची खाडीच्या खाजनाकडं आंब्याची वाडी व्हती. गोपाल दगडू, त्यो मना मामा बोलायचा. ... सबूर. आटवतो.

सरस्वती : सावकाश, बाबा.

पंढरी : बास. एवडेच आटवतात. काय लिवलंस, वाच.

सरस्वती : 'पोलीस पाटील पंढरी म्हात्रे यांनी बांधाच्या मदतीचं खोटं कारण सांगून या माणसांचे अंगठे घेतले.' मग नावं आहेत. मग, 'त्याच्या बदल्यात त्यांच्या मुलीला दिल्लीत शिकायला मिळालं. हे पुस्तक लिहिणारी ती मुलगी मीच.'

पंढरी : हां. आता मना जरा निजू दे.

सरस्वती : निजा. बाळाराम, ही पानं प्रेसमध्ये तू नेणार की मी जाऊ? रागावला असशील तर मी जाते.

बाळाराम : मी नेतो. ...ताय.

सरस्वती : काय रे?

बाळाराम : एक ऱ्हायलं. कमळी माज्या वर्गात व्हती. जमीन गेली नि मदीच शाळा सोडून गेली ती. तिच्या बापाचं नाव लिव. जाना ठाकूर.